तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच शहरातले फुटबॉल क्लब, तरी एवढी खुन्नस कशाला?

हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदा बसून लिहूनच टाकतो. ऑफिसातले दोस्त म्हणतात, "भिया, तुम इंदौर के, ये कलकत्ते के झगड़े में तुम्हारा क्या?" आणि पुण्याची आत्या फोनवर म्हणते, "अरे, दुसऱ्या देशाशी मॅच असली तर समजू शकते, पण हे तर एका गावचे, एका बसने जाणारे लोक, यांचं एकमेकांशी एवढं काय वाकडं?" दोस्तांचं उत्तर नंतर देतो, आत्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

तर आत्या, एका गावचे आहेत म्हणूनच. लांबच्या टीमकडून हरलं की टीव्ही बंद केला, विषय संपला. इथे तसं नसतं. ज्याच्या टीमने काल तुम्हाला धुतलं तो सकाळी दुधाच्या लाइनीत पुढे उभा असतो, दुपारी कँटीनमध्ये समोर बसतो आणि कधीकधी तर तो तुमचा सख्खा मेव्हणा असतो. त्याच्यापासून पळून जाणार कुठे?

आणि बहुतेक मोठ्या डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या मॅच बघा, सुरुवात घर फुटण्यापासून आहे. लिव्हरपूलचं घ्या. अ‍ॅनफिल्ड हे मैदान म्हणजे लिव्हरपूल क्लबचं देऊळ असं आज सगळे मानतात, पण आधी तिथे एव्हर्टन खेळायचा! जॉन होल्डिंग नावाचा गृहस्थ क्लबचा अध्यक्ष पण होता आणि मैदानाचं भाडं पण घ्यायचा, भाड्यावरून वाद पेटला, १८९२ मध्ये एव्हर्टनवाले सामान घेऊन पार्कपलीकडे गुडिसन या नव्या मैदानावर निघून गेले, आणि होल्डिंगकडे उरलं नुसतं मैदान, खेळायला टीमच नाही, म्हणून त्याने नवीन क्लब काढला, तो हा लिव्हरपूल. इटलीच्या मिलान क्लबमध्ये परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून फाटलं आणि ९ मार्च १९०८ ला काही जणांनी बाहेर पडून इंटर काढला. हे दोघं गेली कित्येक दशकं एकाच सान सिरो स्टेडियममध्ये खेळतायत, दक्षिणेच्या स्टँडमध्ये मिलानवाले, उत्तरेच्या स्टँडमध्ये इंटरवाले.

पण मला जे लागलंय ते कलकत्त्याचं. नोकरीमुळे काही वर्षं तिथे होतो, जादवपूरच्या बाजूला भाड्याने राहायचो, घरमालकांचं मूळ घर बारिसालला, म्हणजे आताच्या बांगलादेशात. त्यांच्या घरी जे ऐकलं त्यानंतर मी या मॅचकडे नुसता खेळ म्हणून बघूच शकलो नाही.

मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ ला त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही मोठी फुटबॉल स्पर्धा जिंकली. गोऱ्यांच्या राज्यात गोऱ्यांच्या पलटणीला हरवलं, त्यातले बरेच जण अनवाणी खेळत होते, त्यामुळे तो क्लब सगळ्यांचाच झाला. मग २८ जुलै १९२० ला मोहन बागानशी जोडाबागान क्लबची मॅच होती, जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला ऐनवेळी बसवलं, क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी म्हणाले घ्या त्याला, कोणी ऐकलं नाही, ते रागावून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. पूर्वेकडच्या माणसांना इथे डावललं जातं ही ठसठस त्यामागे होती असं तिकडे आजही सांगतात.

पुढे फाळणी झाली. लाखो माणसं जमीन, घर, तळी सगळं तिकडे टाकून कलकत्त्यात आली. स्टेशनवर, कॅम्पमध्ये राहिली, जागा मिळेल तिथे कॉलन्या वसवल्या. इथले मूळचे म्हणजे घोटी आणि हे आलेले बांगाल, बोलणं वेगळं, स्वयंपाक वेगळा, आणि या नवीन शहरात यांचं म्हणावं असं काय होतं? त्यांच्या देशाचं नाव लावणारा एक क्लब होता. आमचे मालक सांगायचे की त्यांच्या वडिलांकडे ना घराचे कागद होते ना नोकरी, पण ईस्ट बंगालची लाल-पिवळी टीम मोहन बागानला हरवून आली की माणूस कॉलनीतून छाती पुढे काढून चालायचा. हे ऐकल्यावर कोणी मला "बावीस जण एका बॉलमागे धावतात" म्हटलं की मला खरंच राग येतो.

तिथे या मॅचला बडो मॅच म्हणतात. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा आणि बागान जिंकला की कोळंबी, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाहीये, मी मासळी बाजारात उभं राहून बघितलंय. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाच्या वर लोक होते. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांच्या डायमंड सिस्टीमची, म्हणजे खेळाडू उभे करायच्या पद्धतीची, केवढी हवा होती, समोर ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी, आणि भायचुंग भूतियाने तीन गोल मारले, ४-१. मी तेव्हा तिथे नव्हतो तरी मला ती मॅच पाठ आहे, कारण प्रत्येक चहाच्या टपरीवर कोणीतरी ती सांगतोच.

आता इंदूरच्या दोस्तांसाठी. तुम्ही म्हणता आपल्याकडे असं काही नाही, आपल्याकडे क्रिकेट, सी. के. नायडू, होळकर टीमच्या चार रणजी. बरोबर आहे. पण अनंत चतुर्दशीची रात्र विसरलात? हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, प्रत्येकीची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला सजवलेला देखावा, वेगळी, पुढे आखाड्यांची पोरं पट्टे फिरवतायत, आणि अख्खं शहर रात्रभर राजवाड्याच्या रस्त्यांवर उभं, कोणाची झांकी पहिली येणार यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद. हे सगळे एकाच शहरातले गिरणी कामगार, तेच सूत आणि तोच भोंगा, तरी आपली झांकी दुसऱ्या मिलच्या मागे पडली तर घरात जेवण जायचं नाही. आणि मिल बंद पडल्या, हुकुमचंद तर १९९१ मध्ये बंद झाली, कामगारांचे पैसे मिळायला २०२३ उजाडलं, पण मधल्या सगळ्या वर्षांत वर्गण्या काढून, उधारी करून झांक्या निघतच राहिल्या. मशीन गेली, पगार गेला, ईर्षा नाही गेली. मला कलकत्ता कळलं ते लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून झांकी बघितली म्हणून, असं मी मानतो.

आणि मराठीत फुटबॉलची खुन्नस बघायची तर कोल्हापूर आहेच. माझा मामा मंगळवार पेठेतला, म्हणजे पाटाकडील तालीम सोडून दुसरं नाव त्याच्या घरात घ्यायचं नाही. तिकडे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलच्या टीम काढल्या, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाय शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमला पेठेविरुद्ध पेठ मॅच लागली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, पोरं, आजोबा, बायाबापड्या सगळे. मुंबई-पुण्याच्या लोकांना सान सिरो माहीत असतं आणि शाहू स्टेडियम नसतं, याचं मला वाईट वाटतं.

वाईट बाजू आहे, ती लपवणार नाही. कोल्हापुरात मॅचनंतर दगडफेक झालीय, मामा स्वतः त्यानंतर काही दिवस ग्राउंडवर गेला नव्हता. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच बडो मॅचच्या गोंधळात १६ जणांचा जीव गेला. ग्लासगोमध्ये सेल्टिक क्लब कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, रेंजर्सने कित्येक दशकं कॅथलिक म्हणून माहीत असलेला खेळाडू घेतला नाही, १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा त्यांच्याच काही समर्थकांनी स्कार्फ जाळले. हे मला मान्य नाही, अजिबात नाही. पेठेवरून, मासळीवरून, जुन्या भाड्यावरून वाटेल तेवढं भांडा, पण समोरच्याने या शहरात असूच नये असं वाटायला लागलं की ती डर्बी राहत नाही.

म्हणून मला ऑगस्ट २०२४ आठवतो. आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये त्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला, शहर रस्त्यावर उतरलं होतं, आणि १८ तारखेची ड्युरँड कपची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. मॅच नाही तरी लोक स्टेडियमबाहेर आले. ईस्ट बंगालचे आले, मोहन बागानचे आले, शहरातल्या तिसऱ्या क्लबचे, मोहम्मेडनचे पण आले, एकमेकांचे झेंडे शेजारी धरून तिच्यासाठी न्याय मागत होते, पोलिसांच्या लाठ्या पण एकत्रच खाल्ल्या. मी इथे फोनवर ते व्हिडिओ बघत होतो आणि मला रडू आवरेना. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक गेले त्यानंतर लिव्हरपूलमध्ये पण असंच झालं होतं, गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत लिव्हरपूलचे लाल आणि एव्हर्टनचे निळे स्कार्फ एकमेकांना बांधत नेले होते. आत्या, वाकडं काय आहे विचारतेस ना, तर हे बघ. इतकी वर्षं रोज भांडलेली माणसं एकमेकांना जेवढी ओळखतात तेवढं दुसरं कोणी ओळखत नाही.

राहिला प्रश्न मी कोणाचा. ईस्ट बंगालचा, आणि कारण मालकांचा पाहुणचार एवढंच नाही. आम्ही मराठी माणसं पण माळव्यात बाहेरूनच आलो, होळकरांच्या मागोमाग, पिढ्या झाल्या, तरी कोणी ना कोणी विचारतोच, तुम्ही मूळचे कुठले? आलेल्या माणसांचा क्लब मला आपला वाटणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये ड्युरँडच्या फायनलला बागानने दहा जणांत खेळून आम्हाला १-० ने हरवलं तेव्हा मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपला आम्ही त्यांना ३-१ ने हरवून पुढे कप पण आणला तेव्हा घरी कोळंबी नाही, हिलसाच हवा म्हणून अख्खं मार्केट फिरलो. पुढची बडो मॅच लागली की सुदामानगरला आमच्या घरी या, बागानवाले असाल तरी या, चहा-पोहे मी करतो.