शांतिनिकेतनला जाताय? मग कलाभवनाला निवांत वेळ द्या

बरेच जण टागोरांची घरं आणि म्युझियम बघतात, कलाभवनापाशी (विश्वभारती विद्यापीठाचा कला विभाग) टोटो म्हणजे ई-रिक्षा थांबवून दोन फोटो काढतात आणि निघतात. प्लीज असं करू नका. आम्ही यावेळी फक्त इथली शिल्पं बघायची म्हणूनच गेलो होतो आणि ती घडवणारा रामकिंकर बैज नावाचा माणूस काय ताकदीचा होता ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

सुरुवात 'संथाल कुटुंब'पासून करा (संथाल म्हणजे या भागातले आदिवासी). १९३८ चं काम, भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणतात ते हेच. बाप खांद्यावर कावड घेऊन निघालाय, एका टोपलीत पोर बसलंय, शेजारी आई आणि सोबत कुत्रा. राजा नाही, पुढारी नाही, पोटासाठी गाव सोडून निघालेलं साधं कुटुंब, आणि तेही माणसापेक्षा मोठ्या आकारात! आता जरा जवळ जा. अंग गुळगुळीत नाहीच, सिमेंटमध्ये तिथल्याच जांभ्याची लालसर खडी दिसते, लोखंडी सांगाड्यावर हे मिश्रण थापून थापून आकार दिलाय. ब्राँझ परवडणारं नव्हतं हे खरं, पण मला विचाराल तर ब्राँझमध्ये ही माणसं इतकी त्या मातीतली वाटलीच नसती.

तिथून 'मिल कॉल' बघा, १९५६ चं. गिरणीचा भोंगा झालाय आणि दोन बायका धावत सुटल्यात, ओली वस्त्रं वाऱ्यावर वाळवत, मागे पोरगं. हे समोरून बघून अजिबात पुढे जाऊ नका, पूर्ण चक्कर मारा, कारण खरा वेग बाजूने आणि मागून दिसतो, उडणाऱ्या कापडात. मी तर तिथून हलायलाच तयार नव्हते.

झाडांमध्ये उभी असलेली उंच, सडपातळ 'सुजाता' (१९३५) पटकन नजरेतून सुटते, मुद्दाम शोधा. डोक्यावरचं पायसाचं (खिरीचं) भांडं रामकिंकरांचे गुरू, चित्रकार नंदलाल बोस यांनी सुचवलं आणि तिची सुजाता, म्हणजे बुद्धांना खीर देणारी, झाली असं सांगतात. जवळच 'कालो बाडी' म्हणजे काळं घर, मातीच्या भिंतींवर डांबर आणि उठावशिल्पं. विद्यार्थ्यांचं होस्टेल म्हणून बांधलेलं घर आहे, त्यामुळे बाहेरूनच बघा, खिडक्यांतून डोकावू नका.

आता कामाचं. हावड्याहून ट्रेनने साधारण अडीच-तीन तास, स्टेशन बोलपूर शांतिनिकेतन. बुधवारी विश्वभारतीची साप्ताहिक सुट्टी असते, म्युझियमही बघायचं असेल तर तो वार टाळा. डिसेंबरअखेर पौष मेळ्याला तुफान गर्दी असते, शिल्पांसाठी जायचं तर मेळ्याच्या आधी किंवा नंतर हिवाळ्यातच जा, उन्हाळा फार कडक. सकाळी लवकर पोचा, तिरप्या उन्हात ती खडबडीत खडी काय सुंदर दिसते, दुपारी सगळं सपाट वाटतं. आत कुठवर जाता येतं याचे नियम बदलत असतात, गेटवरच्या गार्डला विचारूनच पुढे जा आणि क्लास चालू असतील तर आवाज कमी ठेवा. शिल्पांना हात लावू नका, चौथऱ्यावर मुलांना चढवू नका, सिमेंटचं काम आहे, ऊनपावसाने आधीच झिजतंय. आणि वेळ उरलाच तर हिंदी भवनातलं चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींचं संतांचं भित्तिचित्र बघायला मिळतंय का ते नक्की विचारा.