तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज येतो, मग पक्षी का दिसत नाही?

धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाऊन आलेले हटकून विचारतात, ‘नुसते आवाजच येतात, पक्षी कुठे असतात?’ बहुतेकांचं चुकतं एकच: फार चालतात. जागा जेमतेम ३७ एकरांची, पूर्वीची कचराभूमी. पण झाडी, तळं आणि मिठी नदीकाठची तिवरं एकमेकांना खेटून आहेत. ती जिथे भिडतात तिथे, ऊन पाठीशी घेऊन, वीस मिनिटं नुसतं उभं राहा.

मिठीच्या बाजूला घड्याळाआधी भरती-ओहोटी बघायची. भर भरतीला चिखल पाण्याखाली, मग हिवाळी पाहुणा तुतवार चरणार कुठे? पाणी उतरू लागल्यावर तासा-दोन तासांनी जा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आठवड्यात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या रविवारी भरती! तुतवार ओळखायला सोपा, शेपटाकडचा भाग सतत खालीवर. वंचक हा बगळा मात्र बसलेला असेपर्यंत चिखलाचाच वाटतो; उडाला की एकदम पांढरे पंख उघडतात आणि आपण दचकतो.

झाडीतला ‘टुक टुक’ म्हणजे तांबट. हा चोच मिटूनच गळा फुगवतो आणि मान वळवत राहतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. आवाजामागे धावू नका, शेंड्यावरच्या वाळक्या फांद्या तपासा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं तर नकोच. विणीच्या दिवसांत पक्षी त्यात विनाकारण दमतो.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढा मोठा दिसतो आणि पानांच्या गर्दीत पक्षी सापडत नाही. आधी डोळ्यांचा फरक जुळवा: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. (काही दुर्बिणींत ती डावीकडे असते, तेव्हा क्रम उलटा.) चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या खाली करा, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या पडतात. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. खाली बघून दुर्बीण शोधलीत, की तो गेलाच.