आधी कूफा, मग नजफ

इराकमधील नजफच्या जियारतीला, म्हणजे तीर्थदर्शनाला, भारतातून जाणारे बहुतेक काफिले ठरलेल्या क्रमाने फिरतात. नजफला उतरायचे, तीन-चार दिवस हजरत अलींच्या रौज्यावर (समाधीवर) घालवायचे आणि कर्बलेची बस निघण्यापूर्वी एका दुपारी कूफा दोन-अडीच तासांत उरकायचे. गेल्या हिवाळ्यात मी अम्मीला घेऊन, काफिल्याशिवाय, गेले होते आणि आमचा क्रम उलटा झाला. त्यामागे काही अभ्यास वगैरे नव्हता. पहाटे नजफच्या विमानतळावरून हॉटेलात पोहोचलो तेव्हा आमची खोली दुपारी दोनपर्यंत मिळणार नाही असे कळले, आणि तिथल्या मुलाने सामान ठेवून घेत, तोवर कूफा पाहून या, असे सुचवले. मी त्याच्यावर चिडले होते. आज मात्र कोणी विचारले, तर आधी कूफा पाहा, असे मी आग्रहाने सांगते.

या इतिहासाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. हजरत अली हे पैगंबर मोहम्मद यांचे चुलतभाऊ आणि बीबी फातिमांचे पती, म्हणजे पैगंबरांचे जावई. सुन्नी परंपरेत ते चौथे खलिफा आहेत, तर शिया परंपरेत पहिले इमाम, म्हणजे पैगंबरांचे खरे वारस. इ. स. ६५६ ते ६६१ या काळात त्यांनी राज्य केले ते मुख्यतः कूफ्यातून, आणि त्यांचे दफन झाले तेथून दहाएक किलोमीटरवर, आज जिथे नजफ आहे तिथे. आपल्याकडे गावोगावी मोहरममध्ये जे पंजे निघतात, त्यांची पाच बोटे म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन आणि हुसेन, असा अर्थ शिया घरांत लहानपणीच सांगितला जातो. त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे.

आमच्याकडे मजलिसीत, म्हणजे इमामांच्या स्मरणसभेत, जाकिर (प्रवचनकार) आधी फजाइल वाचतात आणि मग मसाइब. फजाइल म्हणजे इमामांचे विशेष गुण आणि त्यांना लाभलेले मान, मसाइब म्हणजे त्यांच्यावर कोसळलेली दुःखे. अम्मीला हजरत अलींचे फजाइल तोंडपाठ आहेत, आणि विमानात झोप येत नव्हती म्हणून तिने ते मला पुन्हा एकदा ऐकवले. त्यांचा जन्म काबागृहात झाला, असे शिया परंपरा सांगते. मक्केत पैगंबरांच्या हत्येचा कट शिजला त्या रात्री ते पैगंबरांच्या अंथरुणावर झोपले, आणि त्यामुळे पैगंबरांना मदिनेकडे निघता आले. इ. स. ६२८ मध्ये खैबरच्या किल्ल्यासमोर पैगंबर म्हणाले होते, की उद्या निशाण अशा माणसाच्या हाती देईन, ज्याचे अल्लाहवर आणि रसूलवर प्रेम आहे आणि ज्याच्यावर त्या दोघांचेही प्रेम आहे. ते निशाण अलींना मिळाले आणि किल्ल्याचे दार त्यांनी उखडले. इ. स. ६३२ मध्ये अखेरच्या हजहून परतताना गदीर खुम येथे पैगंबरांनी त्यांचा हात उंचावून सांगितले, की ज्याचा मी मौला, त्याचा हा अली मौला. या ‘मौला’ शब्दाचा अर्थ सुन्नी विद्वान मित्र किंवा प्रिय असा घेतात, तर शिया स्वामी आणि उत्तराधिकारी असा घेतात, आणि दोन्ही परंपरांतील मोठा मतभेद या एका शब्दाभोवती फिरतो. अम्मीचे सर्वांत लाडके अर्थातच खैबर. बहुतेक मजलिसींतही सर्वांत मोठा सलवात (पैगंबरांवरील दरूदचा एकत्र घोष) खैबरच्या दारालाच मिळतो.

कूफ्याची थोर मशीद इ. स. ६३८ च्या सुमारास, शहर वसले तेव्हा, उभारली गेली. आजचे चकचकीत रूप अलीकडचे आहे. हा जीर्णोद्धार दाऊदी बोहरांचे मुंबईस्थित धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने झाला. संगमरवरी सहन (अंगण) इतके प्रशस्त आहे की सकाळी सातला आम्ही तिथे जवळजवळ एकट्या होतो. ज्या मेहराबीत हिजरी ४० च्या रमजानच्या १९ तारखेला, फजरच्या (पहाटेच्या) नमाजेत, इब्ने मुल्जिम या खारिजीने (अलींपासून फुटलेल्या बंडखोर गटातल्या माणसाने) विषारी तलवारीचा वार केला, तिथे आता जाळी आहे आणि लोक तिला धरून रडतात. वार होताच अलींच्या तोंडून ‘काब्याच्या रबची शपथ, मी यशस्वी झालो’ असे उद्गार निघाले, हे प्रत्येक शिया मुलाला माहीत असते. त्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. मारेकऱ्याला नीट खाऊ-पिऊ घाला, मी वाचलो तर त्याचे काय करायचे ते मी पाहीन, आणि गेलो तर एका वाराच्या बदल्यात एकच वार करा, त्याची विटंबना करू नका, असे त्यांनी मुलांना बजावले होते. २१ रमजानला ते गेले.

याच सहनात ‘दक्कतुल कजा’ नावाचा चौथरा आहे. अली तिथे बसून न्यायनिवाडा करत, असे सांगतात. त्यांच्या चिलखताची गोष्ट मी अम्मीला तिथेच बसून सांगितली, कारण ती तिला अर्धीच आठवत होती. हरवलेले चिलखत अलींना कूफ्याच्या बाजारात एका परधर्मीयाकडे दिसले. काही ग्रंथांत तो ख्रिस्ती आहे, काहींत ज्यू. अलींनी ते खलिफा म्हणून काढून घेतले नाही, तर काजी शुरैहकडे फिर्याद नेली, आणि पुरेसे साक्षीदार नसल्याने निकाल खलिफाच्या विरुद्ध गेला. तो त्यांनी मान्य केला. स्वतःच्याच राज्यातल्या काजीपुढे हरण्याची तयारी हा गुण खैबरच्या दारापेक्षा हलका कसा, असे मी म्हटले तेव्हा अम्मी रागावली नाही, फक्त बराच वेळ चौथऱ्याकडे पाहत राहिली.

मशिदीच्या आतच इमाम हुसेन यांचे दूत मुस्लिम बिन अकील, त्यांना आसरा देणारे हानी बिन उर्वा आणि हुसेन यांच्या मारेकऱ्यांचा सूड घेणारे मुख्तार यांच्या कबरी आहेत. प्रवासी एरवी चार रकातींची (नमाजेच्या आवर्तनांची) नमाज दोनच रकाती पढतो, पण शिया फिकहनुसार (धर्मशास्त्रानुसार) जिथे ती पूर्ण पढण्याची मुभा आहे अशा चार जागांपैकी ही एक. बाकीच्या तीन म्हणजे मक्का, मदिना आणि कर्बलेतील इमाम हुसेन यांचा हरम (दर्गा परिसर). आपल्या मरजाचा, म्हणजे आपण ज्यांचे मत पाळतो त्या धर्मपंडिताचा, याबाबतचा नेमका मसला (नियम) निघण्यापूर्वीच विचारून ठेवावा, कारण तिथे गेल्यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

मशिदीच्या भिंतीला लागून एकीकडे दारुल इमारा, म्हणजे सुभेदाराच्या वाड्याचा, जमिनीच्या पातळीखाली गेलेला पाया दिसतो, आणि थोड्याच अंतरावर अलींचे घर आहे. कूफ्याला आल्यावर त्यांनी त्या वाड्यात राहायला नकार दिला, असे परंपरा सांगते. घर पाहिल्यावर ते पटते. खोल्या लहान, दारे ठेंगणी, मध्ये एक विहीर. सारे डागडुजी केलेले असले, तरी मापे बदललेली वाटत नाहीत. अरबस्तानापासून इराणपर्यंतच्या प्रदेशावर ज्याचा हुकूम चालायचा, तो माणूस इथे राहत होता. बसऱ्याचा त्यांचा सुभेदार उस्मान बिन हुनैफ एका श्रीमंताच्या मेजवानीला गेला, तेव्हा अलींनी त्याला लिहिलेले पत्र ‘नहजुल बलागा’ या त्यांच्या प्रवचनांच्या आणि पत्रांच्या संग्रहात आहे. तुझ्या इमामाने या जगातून दोन जीर्ण वस्त्रे आणि दोन भाकरी एवढ्यावर भागवले आहे, असे ते त्यात म्हणतात. हे वाक्य मी पुण्यात अनेकदा वाचले होते आणि दर वेळी त्याला वक्तृत्व समजले होते. त्या ठेंगण्या दारातून वाकून आत जाताना ते मला घरखर्चाच्या हिशेबासारखे वाटले.

घरात रांग एकाच दिशेने पुढे सरकते आणि मागचे लोक थांबू देत नाहीत, म्हणून सकाळी लवकर जाणे हाच उपाय. गुडघे दुखणाऱ्यांनी उंबरे सांभाळावेत. तिथून चालत काही मिनिटांवर मीसम तम्मार यांची कबर आहे. तम्मार म्हणजे खजूर विकणारा. खलिफा असताना अली त्यांच्या दुकानात जाऊन बसत, प्रसंगी गल्लाही सांभाळत, असे सांगतात. पुढे उमय्या राजवटीत, अलींची स्तुती थांबवली नाही म्हणून, त्यांना सुळावर चढवले गेले. ही जागा काफिले हटकून वगळतात. तुम्ही वगळू नका. परतीच्या रस्त्यावर अलींचे सहकारी कुमैल यांची कबर लागते. दर गुरुवारी रात्री पढली जाणारी दुआ त्यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणून शक्य असल्यास गुरुवार साधावा.

हे सगळे डोळ्यांत असताना संध्याकाळी नजफचा सोन्याचा घुमट समोर आला, तेव्हा मी जरा गोंधळले, हे कबूल करते. घुमटाला सोने लावले ते इराणच्या नादिरशहाने, इ. स. १७४३ च्या सुमारास. आपल्याला तो दिल्लीच्या कत्तलीसाठी आठवतो. कबरीभोवतीची चांदी-सोन्याची जरीह (जाळीचा कठडा) १९४० च्या दशकात मुंबईहून आली. दाऊदी बोहरांचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी ती अर्पण केली होती. त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, अवधचा नवाब आसफउद्दौला याच्या पैशातून फुरात (युफ्रेटिस) नदीचे पाणी नजफकडे आणण्यासाठी कालवा खोदला गेला आणि त्याचे नाव ‘हिंदिया’ पडले. दोन भाकऱ्यांच्या माणसाला एवढे सोने, हा विरोधाभास मला खटकला. अम्मीचे उत्तर सरळ होते: शत्रू विटंबना करतील या भीतीने ज्याची कबर शंभर वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवावी लागली, त्याची कबर आता लांबून दिसायलाच हवी. मला तिचे पुरते पटले नाही, पण माझ्याकडे याहून चांगले उत्तरही नव्हते.

आता व्यवहाराचे. हरमचे मुख्य दार बाबुस्साआ, म्हणजे घड्याळाचे दार, मोठ्या बाजारासमोर आहे, आणि गर्दी तिथेच सर्वाधिक असते. वृद्ध सोबत असतील तर बाबुल किब्ला किंवा बाबुत्तूसी बरे पडते. पिशव्या आणि कॅमेरे बाहेर अमानतखान्यात ठेवावे लागतात. चपला ठेवण्याच्या जागेला ‘किशवानिया’ म्हणतात. तिथला क्रमांकाचा बिल्ला आणि दाराचे नाव यांचा फोटो काढून ठेवा. आम्ही दुसऱ्या रात्री तो काढला नाही, चुकीच्या दाराने बाहेर पडलो आणि अनवाणी अर्धी प्रदक्षिणा घालून परतलो. तिथे अम्मीला जीकार या इराकमधल्या ठिकाणची गोष्ट आठवली: बसऱ्याकडे निघालेले अली स्वतःची फाटकी पायताणे शिवत बसले होते, आणि त्यांनी आपला चुलतभाऊ इब्ने अब्बास याला विचारले, की यांची किंमत काय? काहीच नाही, असे उत्तर आल्यावर ते म्हणाले, की न्याय प्रस्थापित करता येत नसेल किंवा अन्याय रोखता येत नसेल, तर तुमच्यावरच्या सत्तेपेक्षा मला हीच प्यारी आहेत.

बायका आणि पुरुष यांचे मार्ग वेगळे आहेत, त्यामुळे आत शिरण्यापूर्वी भेटण्याची जागा ठरवून ठेवावी. बायकांनी पूर्ण लांबीचा अबाया इथूनच न्यावा. फक्त ओढणी चालत नाही. जरीहपर्यंत पोहोचायचे असेल तर रात्री दोननंतर जा. धक्काबुक्कीत शिरण्यापेक्षा सहनात बसून जियारत (सलामाचा पाठ) पढणे अम्मीला अधिक मानवले. त्या जियारतीत अलींसोबत हजरत आदम आणि हजरत नूह यांनाही सलाम आहे, कारण तेही इथेच दफन आहेत अशी श्रद्धा आहे. हरमच्या मुजीफमध्ये, म्हणजे अतिथिगृहात, मोफत जेवण मिळते, पण मर्यादित लोकांना. ते घेताना कुराणाच्या ७६ व्या सूरेची आठवण होतेच. तीन दिवसांच्या रोज्यांत अली आणि फातिमा यांनी इफ्तारची जवाची भाकरी रोज दारी आलेल्याला दिली, पहिल्या दिवशी गरिबाला, दुसऱ्या दिवशी अनाथाला, तिसऱ्या दिवशी कैद्याला, आणि ना मोबदला मागितला, ना आभार, असे शिया भाष्यकार त्या आयतींबद्दल सांगतात.

व्हिसा निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावा आणि नियम अधिकृत संकेतस्थळावरच तपासावेत, दलालाच्या शब्दावर राहू नये. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्याव्यात. सरकारी दर एका डॉलरला साधारण १,३०० दिनार आहे. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण तेव्हा रात्रीसाठी स्वेटर हवाच. १३ रजब (अलींचा जन्मदिन), १८ जिल्हज (गदीरचा दिवस) आणि २१ रमजान या तारखांना, तसेच अरबईनच्या, म्हणजे इमाम हुसेन यांच्या चाळिसाव्याच्या, आसपास, खोली महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते. बाजारात ‘दुर्रे नजफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्फटिकांत काचही असते. ओळखीच्या माणसाशिवाय महाग अंगठी घेऊ नये. ‘दहीन’ ही तुपातली मिठाई मात्र डोळे मिटून घ्यावी.

शेवटच्या संध्याकाळी निरोपाच्या जियारतीसाठी मी वेळ राखून ठेवला होता, पण ती लवकर आटोपून अम्मीने कूफ्याला पुन्हा जायचा हट्ट धरला. आम्ही पोहोचलो तेव्हा घराचे दार बंद झाले होते. तिने बाहेरच्या भिंतीवर हात टेकवला आणि टॅक्सीवाला दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत काढला नाही.