यादीत माझ्यापुढे 'ऐकला'

पक्षी दाखवायच्या सहलींवर गटप्रमुख म्हणून जातो. माणसं पैसे मोजतात ती पक्षी बघायला, त्यामुळे पक्षी आधी त्यांना, मग मला.

उत्तर पेरूत आब्रा पात्रिसियाला सहाजण घेऊन गेलो होतो. तिथलं रान ढगातच मुरलेलं. खुरटी झाडं, वृक्षनेचे, आणि कठड्याला हात लावला तर शेवाळातून बोटभर पाणी निथळतं. आम्हाला हवा होता तो पिंगळा, स्थानिक नाव 'लेचुसीता बिगोतोना', म्हणजे मिशाळ. उंची तेरा-चौदा सेंटिमीटर, चिमणीएवढा, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. १९७६ साली तो शास्त्रज्ञांच्या जाळ्यात पहिल्यांदा सापडला. संशोधकांना रानात मोकळा दिसायला २००७ उजाडलं. आपला रानपिंगळा ११३ वर्षांनी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला खरा, पण तो निदान भरदिवसा सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. हा रात्रीचा, आणि दाट झाडीतला.

गुडघेदुखी असलेल्या काकूंना मी "तुम्ही खोलीवरच थांबा" म्हटलं होतं. त्या ऐकेनात. चिखलातून काठी टेकत आल्या. दीड तास पावसाची रिपरिप. त्याला साद घालायला त्याच्याच आवाजाचं ध्वनिमुद्रण आम्ही दोनदाच वाजवलं, मग बंद. उगाच पक्ष्याला छळायचं नाही.

"अरे, डावीकडे," काकू कुजबुजल्या. "हूऽ" असा एकच खोल, मऊ सूर. थोड्या वेळाने परत तोच. वाटाड्याने बॅटरी तिरकी धरली.

नेमक्या त्याच क्षणी एका दादांनी मोबाइल वर केला, फ्लॅश चालू. मी झडप घालून त्यावर तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिलो, पिंगळ्याकडे पाठ करून. समोर सहा चेहरे, सगळ्यांची तोंडं उघडी. एकजण आवंढा गिळायचाही थांबलेला. वळलो तेव्हा फांदी नुसतीच हलत होती.

"नारिंगी डोळे रे! आणि चेहऱ्याभोवती मिशा, मांजराच्या पिल्लासारख्या," काकू परतीच्या वाटेवर सांगत होत्या. "तुला दिसला ना?"

"दिसला ना काकू," म्हटलं.

रात्री जेवणानंतर पक्ष्यांची रोजची यादी भरायला बसलो. सहा नावांपुढे बरोबरची खूण केली. माझ्या नावापुढे लिहिलं, 'ऐकला'. काकूंचा वाचायचा चष्मा खोलीवर राहिला होता, म्हणून बरं.