हलत नाही, तापत नाही, वाळत नाही

जुना संगणक उघडून त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवताना बहुतेक माणसे नेमक्या उलट्या वस्तूंवर जीव लावतात. पत्र्याचे कॅबिनेट कळकट दिसते म्हणून भंगारात जाते, आणि आतला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र ‘चालतोय की अजून’ एवढ्या प्रशस्तिपत्रावर नव्या मदरबोर्डाच्या सेवेत रुजू होतो. कमी खर्चात संगणक जुळवण्याचा ज्याला नाद आहे, त्याने सुट्या भागांचे वय वर्षांत मोजण्याची सवय सोडलेली बरी. तो भाग हलतो का, तापतो का, आणि त्याच्या आत वाळून जाण्यासारखे काही आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे पावतीवरच्या तारखेपेक्षा पुष्कळ जास्त सांगतात.

या कसोटीवर कॅबिनेट बिनविरोध निवडून येते. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा मदरबोर्डाचा आकार ठरवून दिला, आणि त्यातल्या स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आजही त्याच आहेत. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये नवाकोरा बोर्ड बिनतक्रार बसतो. दर दोन-तीन वर्षांनी सगळे मोडून नव्याने मांडणाऱ्या या धंद्यात एवढी जुनी शिस्त टिकून राहावी, याचे मला नेहमी नवल वाटते. मात्र बोर्ड ज्यांच्यावर टेकतो त्या पितळी स्टँडऑफकडे आधी नीट पाहावे. त्यांपैकी एखादा जुन्या बोर्डाच्या मापाने लावलेला असतो, नव्या बोर्डाला त्या जागी छिद्रच नसते, आणि तो तसाच राहिला तर पाठीवरच्या सोल्डरला टेकून शॉर्ट सर्किट घडवू शकतो. पुढच्या बटणांच्या तारांची गंमत त्या मानाने निरुपद्रवी आहे. बऱ्याच जुन्या कॅबिनेटांत पॉवरच्या दिव्याचे टोक तीन घरांचे असते आणि त्यातले मधले घर रिकामे असते, तर नव्या बोर्डावर त्या दिव्याला शेजारीशेजारी दोनच पिना मिळतात. अशा वेळी टाचणीने प्लास्टिकची बारीक जीभ उचलायची, आतली धातूची क्लिप अलगद मागे ओढायची आणि मधल्या घरात सरकवायची, एवढेच काम असते. ज्याला तेही नको असेल त्याचे दिव्यावाचून काही अडत नाही.

एसएमपीएसची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, कारण त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेने वर्षानुवर्षे हळूहळू उडत राहतो, आणि व्होल्टेज स्थिर ठेवण्याची कपॅसिटरची ताकद तसतशी कमी होत जाते. मदरबोर्डावर हा रोग उघड्या डोळ्यांना दिसतो. कपॅसिटरच्या माथ्यावर फुलीच्या आकाराची खाच मुद्दाम पाडलेली असते, आतला दाब वाढलाच तर त्याने तिथून वाट काढावी म्हणून. तो माथा सपाट न राहता फुगलेला दिसला किंवा खाचेतून तपकिरी चिकटा बाहेर आलेला असला, की त्या बोर्डाचा मोह सोडावा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे असे कितीतरी बोर्ड अकाली गेले. एसएमपीएसमध्ये हेच कपॅसिटर बंद डब्यात असतात, आणि तो डबा उघडून पाहण्याची हौस करू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. शिवाय फार जुन्या एसएमपीएसची बरीचशी ताकद ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाट्याला गेलेली असते, तर आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक १२ व्होल्टवर भागते. म्हणून लेबलावर ठळक छापलेल्या एकूण वॅटच्या आकड्यापेक्षा त्याखालचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा. सुट्या होणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कदापि लावू नये. ती खाचेत चपखल बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग पहिल्याच क्षणी हार्डडिस्क प्राण सोडते. काटकसर करावी, पण एसएमपीएसवर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हार्डडिस्क तर दिवसभर मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारत असते, म्हणजे हलण्याच्या प्रश्नावर तिचे उत्तर सगळ्यांत वाईट. तिच्यातली स्मार्ट ही यंत्रणा ती एकूण किती तास चालली आणि तिचे किती सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे कप्पे, बाद होऊन राखीव जागेत हलवावे लागले याची नोंद ठेवते. बाद सेक्टरांचा आकडा शून्यावर नसेल आणि आठवड्याभरात वाढत असेल, तर त्या डिस्कला निरोप द्यावा. आकडे चांगले असले तरी तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम न टाकता फाइलींची दुसरी प्रत ठेवणे एवढेच हलके काम तिला द्यावे. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी छोटीशी का होईना, नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवरची डिस्क, घ्यावी, कारण जुन्या यंत्राचा वेग जितका तिच्याने वाढतो तितका इतर कशानेही वाढत नाही.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, हलत नाही, फारशी तापत नाही, आणि तिच्यात वाळण्यासारखे काही नसते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली पट्टी लावल्यावर संगणक नुसताच शिट्ट्या मारत असेल, तर पुष्कळदा दोष तिच्या सोनेरी कडेवर चढलेल्या मळाचा असतो. स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने ती कड हलक्या हाताने पुसून कण झटकले, की पट्टी पुन्हा बोलू लागते. पण इथे दुसऱ्या प्रकारचे म्हातारपण आडवे येते: वस्तू ठणठणीत असते, तिच्याशी जमवून घेणारे कोणी उरलेले नसते. रॅमच्या पिढ्यांत डीडीआर३ ला साधारण १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१; शेवटच्या दोघींच्या पिना २८८ च असल्या, तरी खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी शिरत नाही. प्रोसेसर आणि तो ज्यात बसतो ते बोर्डावरचे सॉकेट यांचेही असेच असते, म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे त्रिकूट ठेवायचे तर एकत्र ठेवावे आणि बदलायचे तर बहुधा एकत्रच बदलावे. एएमडीचे २०१६ मधले एएम४ सॉकेट याला सुखद अपवाद आहे. त्याच्या अनेक जुन्या बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डाचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही चालतात. फक्त ते अद्ययावत करणे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे, कारण तो विकून मोकळे झाल्यावर नव्याला ओळखणारे तिथे कोणी नसते.

म्हातारपणाचा तिसरा प्रकार कागदोपत्री आहे, आणि मला तोच सगळ्यांत अन्यायाचा वाटतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षा-चिपसोबत ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो, ज्यात इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ कोणी नाही. ज्या यंत्रांत ना काही बिघडले होते ना काही मंदावले होते, ती अशा रीतीने नियत वयोमानानुसार निवृत्त झाली. कमी खर्चात संगणक जुळवणाऱ्याला मात्र ही पर्वणीच आहे, कारण लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला ती यादी ठाऊक नाही आणि लेखन, हिशेब, चित्रपट व इंटरनेट एवढ्या कामांना अशा यंत्रांतले चार कोअरचे प्रोसेसर अजून उत्तम पुरतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. हीटसिंक हा धातूचा ठोकळा असल्याने त्याला मरण नाही. त्यावरची वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. पंखा करकरत असेल तर बदलावा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल विचार न करता नवाच टाकावा, म्हणजे घड्याळ दरवेळी भूतकाळात जाणार नाही.

जुळणी करताना सगळे एकदम कॅबिनेटमध्ये कोंबू नये. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, हीटसिंक, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यावर तो सुरू करावा, आणि मग रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून सकाळी एकही चूक नसेल तरच पुढे जावे. या पायरीवर एखादे जुने, दुबळे, खेळांच्या दृष्टीने निकामी ग्राफिक्स कार्ड फार उपयोगी पडते. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांत आणि रायझनच्या जुन्या पिढ्यांतल्या बहुतेकांत स्वतःचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे पडदा काळा राहिला तर बोर्ड गेला आहे की नुसतेच चित्र उमटत नाही, याचा निवाडा असे कार्डच करते. फार जुने कार्ड काही नव्या बोर्डांवर बायोसमधले सीएसएम, म्हणजे जुन्या भागांशी जमवून घेणारी सोय, बंद असेपर्यंत काहीच दाखवत नाही, आणि ती सेटिंग बदलायला पुन्हा चित्र लागते. म्हणून शोधताना युईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, ओळखणारे कार्ड शोधावे.