घाटात हीटर लावणारे आम्ही

सपाटीवर आमची गाडी अगदी गुणी. घाटातली पहिली काही वळणं संपली आणि टेम्परेचरचा काटा मधली रेघ सोडून वर निघाला. ताई शेजारी बसली होती. तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत?"

परतच. ही सेकंड-हँड गाडी घेतल्यापासून गरम होण्याचं दुखणं मागे लागलंय. एका गॅरेजमध्ये रेडिएटरचं झाकण बदललं. पुढच्या खेपेला फॅन फिरत नाही म्हणून फॅनची मोटरच नवी बसली. दरवेळी नवं कूलंट, म्हणजे इंजिनात फिरून ते गार ठेवणारा द्रव, आणि वर मजुरी. बिल भरलं की काही दिवस बरे जायचे, एखादा लांब चढ लागला की पुन्हा तेच. जुन्या गाडीत पैसा पार्टांपेक्षा अंदाजांवरच जास्त जातो, असं माझं मत बनत चाललंय.

भर उन्हात हीटर पूर्ण सोडला आणि काचा खाली केल्या. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची उष्णता त्यातून थेट आपल्या पायांवर येते. पायांना चटके बसत होते, काटा मात्र थबकला. रस्त्याकडेला रुंद जागा दिसताच गाडी बाजूला घेतली.

बॉनेट उघडलं, पण झाकणाला हात लावला नाही. बंद यंत्रणेत दाब असतो म्हणून कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. इंजिन निवेपर्यंत कठड्यावर बसून राहिलो. समोरची दरी फार सुंदर होती, हे नंतर ताईने काढलेले फोटो बघून कळलं.

थांबत थांबत घाटमाथ्यावर पोचलो. तिथल्या गॅरेजमधल्या काकांनी पाना घेतलाच नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला, मग खालचा.

"वरचा भाजतोय, खालचा गार. पाणी फिरतच नाहीये."

"पण फॅनची मोटर तर नवी टाकलीय, काका."

"फॅन काय करील? त्याचा स्विच रेडिएटरला आहे. रेडिएटरच गार, तर फॅन लागेल कशाला?"

म्हणजे जुनी मोटर बहुतेक धडधाकट होती. ताई काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरमधून फिरू देणारी झडप, बाहेर निघाला. तळहातावर मावेल एवढी चकती, मधे स्प्रिंग, कडेला 82 कोरलेलं. तेवढ्या अंशांना तो उघडू लागायला हवा. काकांनी उकळत्या पाण्यात सोडला, तरी ढिम्म. पान्याने टोचल्यावर एका बाजूने तिरका उघडला, मग पुन्हा अडकला. कधी उघडायचा, कधी नाही. म्हणून गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागायची.

नवा तिथे नव्हता, तेव्हा थर्मोस्टॅटशिवायच निघायचं ठरलं. बरेच जण कायमच तशी चालवतात. मला ते पटत नाही. इंजिन नीट तापलं नाही तर पेट्रोल जास्त पितं आणि झीजही वाढते. पलीकडचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, तेव्हा काटा पार तळाशी लोळत होता.

निघण्याआधी काकांनी टॉर्च मारून आणखी एक गोष्ट दाखवली होती. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालच्या बारीक भोकापासून वाळलेल्या कूलंटची हिरवट-पांढरी रेघ खाली आली होती. सील गेल्याची खूण. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर. पंप जाम झाला तर बेल्ट जाणार, आणि बेल्ट तुटला की पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकणार. मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

"पंपासाठी बेल्ट उतरवावाच लागतो," काका म्हणाले, "दोन्ही एकदमच बदला. मजुरी एकदाच पडेल."

परतल्यावर थर्मोस्टॅट, पंप आणि बेल्ट एकत्रच बदलून घेतले. बिलात सर्वांत किरकोळ रक्कम थर्मोस्टॅटची होती, मजुरीचा आकडा मी ताईला अजून सांगितलेला नाही. काटा आता चढावरही मधल्या रेघेवर असतो. क्लच मात्र घसरायला लागलाय. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग आहे तेवढाच.