गाढवाच्या पाठीवरून धनगरवाड्यापर्यंत

पुण्याहून नसरापूर, वेल्हे, पासली करत केळदपर्यंत गाडी जाते. आम्ही पुस्तकं देतो तो धनगरवाडा तिथून पुढे तासाभराच्या पायवाटेवर आहे, एकूण अकरा घरं. पहिल्या दोन फेऱ्यांना पुस्तकं आमच्याच पाठीवर नेली. वाचलेली परत आणायची म्हणजे उतरतानाही तेवढंच ओझं. शेवटी वाड्यातल्याच एका मामांनी गडावर वाळू-सिमेंट वाहणाऱ्या ओळखीच्या माणसाचं गाढव ठरवून दिलं.

मला वाटलं, आता सुटलो. गोण्या मीच भरल्या होत्या. एकीत दिवाळी अंक आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, दुसरीत मुलांची पातळ. पहिल्याच चढावर खोगीर डावीकडे सरकलं आणि गाढव जागीच थांबलं. मालकाने वझं उतरवलं, खोगीर उचलून दाखवलं. पुठ्ठ्याचे कोपरे टोचून एका जागेचे केस पार विस्कटले होते.

"ताई, वझं सोसतंय ते, पण कलतं वझं न्हाई सोसत. पाठ सोलवटली तर पंधरा दिवस बसून ऱ्हाईल."

त्या मुक्या जीवाची मान खाली होती. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून निघण्याआधी ताणकाट्यावर दोन्ही गोण्या तोलतो. एका बाजूला अठरा किलो, दुसरीलाही अठराच. पाठीकडच्या अंगाला जुनी गोधडी, तिच्याजवळ पातळ पुस्तकं, जाड सगळी बाहेरच्या बाजूला. वर मेणकापड. पावसाचे चार महिने फेरी बंदच असते, ओढे ओलांडता येत नाहीत.

दुसरी अडचण पुस्तकांचीच होती. मुलं तुटून पडायची, पण बाया लांबून बघायच्या. १९३५ ते १९४३ या काळात अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात घोड्या-खेचरांवरून पुस्तकं पोचवणाऱ्या बायकांबद्दल मी वाचलं होतं. पुस्तकं कमी पडायची म्हणून त्या जुन्या मासिकांतली कात्रणं, पाककृती, गोधड्यांचे नमुने वह्यांत चिकटवून घरोघरी फिरवायच्या. कोलंबियातल्या लुईस सोरियानो या शिक्षकाची पुस्तकं वाहणारी अल्फा आणि बेतो ही गाढवं जास्त प्रसिद्ध आहेत (दोन्ही नावं जोडली की स्पॅनिशमध्ये 'मुळाक्षरं' होतात), पण मला खरी उपयोगी पडली ती केंटकीची वही.

अप्पा बळवंत चौकातून आणलेली शंभर पानी वही घेतली. म्हशींचे आजार, नाचणीचे पदार्थ, गोधडीचे टाके, सरकारी योजनांचे अर्ज कसे भरायचे, अशी कात्रणं खळीने चिकटवली. अक्षर मोठं असलेलीच निवडली, कारण रात्री उजेड कमी.

पुढच्या फेरीला मुलांची पुस्तकं परत आली, वही आली नाही. "अजून चार घरं राहिलीत," एवढाच निरोप. त्याच्या पुढच्या फेरीला ती मिळाली. चुलीच्या धुराचा वास, कडांना हळदीची बोटं. शेवटची सहा पानं मी कोरी सोडली होती, ती भरली होती. तिसरीतल्या एका मुलीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. चौथ्या ओवीच्या मध्येच पान संपलं म्हणून पुढचे शब्द पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला.

काल गोण्या बांधताना दुसरी वही घातली. ही सगळी कोरीच आहे, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली.